ओढ्याकाठच्या जुन्या दगडी गिरणीचा इतिहास लिहायचा तर

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे. तो पुढं वसना नदीला मिळतो आणि वसना कृष्णेला. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर काळ्या दगडाची एक दोन खणी इमारत उभी आहे. वरचे पत्रे गेलेत, दाराची चौकट एका बाजूला कललीय, आत एरंड माजलाय. ही आमची पिठाची गिरणी. माझ्या आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, घातली. वडिलांनी, आबांनी, चालवली. आणि 1994 साली ती बंद पडली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 33 वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर पहिलं काम हातात घेतलं ते या गिरणीचा इतिहास लिहून काढायचं. अडीच वर्षं गेली त्यात.

आमच्या साताऱ्यात कोरेगाव, खटाव, कराड, तिकडं सांगलीत तासगाव, कडेगाव, कुठंही जा, ओढ्याकाठी अशी एखादी ओसाड गिरणी दिसतेच. रस्ता रुंद होताना किंवा वाटणीत जागा कुणाला तरी जाताना ती एका दिवसात पडते. पडायच्या आधी कुणी तरी तिचं लिहून ठेवायला हवं असं मला कळकळीनं वाटतं. म्हणून मी काय केलं, कुठं चुकले आणि आता पुन्हा करायचं झालं तर कसं करीन, ते सांगते. माझा क्रम ठरलेला आहे: आधी दगड, मग माणसं, मग कागद. बहुतेक जण उलट करतात. तलाठ्याकडं जाऊन उतारा काढतात आणि त्यावरचं साल घरच्यांना सांगतात. मग जो तो तेच साल परत आपल्याला ऐकवतो आणि आपल्याला वाटतं, पुरावा मिळाला.

पहिली गोष्ट: झाडलोट करू नका

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. पहिल्याच आठवड्यात मी दोन माणसं लावून गिरणी आतून साफ करून घेतली. तेल मुरलेली माती, भिंतीला चिकटलेले पिठाचे पापुद्रे, कोपऱ्यातला गाळ, सगळं पाट्या भरभरून उकिरड्यावर गेलं. महिन्याभरानं शेजारची मुलं उकिरड्यात खेळताना पत्र्याचे छोटे गोल तुकडे घेऊन आली. त्यांवर खिळ्यानं ठोकून आकडे काढलेले होते. आबा गर्दीच्या दिवसात दळणाच्या डब्यावर ठेवायचे ते नंबराचे बिल्ले! मला ते लहानपणी पाहिल्याचं आठवत होतं, पण ते गिरणीत कुठल्या कोनाड्यात असायचे, किती होते, हे आता कधीच कळणार नाही. सात सापडले, तेवढेच.

तेव्हा आत जा, पण काही हलवू नका. पौष-माघात जा, तेव्हा गवत वाळलेलं असतं. पायात बूट हवेत आणि हातात काठी, कारण पडक्या दगडी भिंतीत विंचू असतातच. सोबत मीटरची टेप, सुताराचा गुण्या, शिसपेन्सिल, वही, खडू, टॉर्च आणि पाण्याची बाटली. चारही भिंतींचे फोटो, मग जमिनीचे, मग वर आढ्याचे. प्रत्येक फोटोत टेप नाहीतर काठी दिसली पाहिजे, म्हणजे माप कळतं. हाताने काढलेला नकाशा फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतो. काढताना आपण नीट बघतो म्हणून.

दगड वाचायचा कसा

गिरणीच्या आवारात पडलेला प्रत्येक गोल दगड गिरणीचा नसतो. आमच्याकडं चार तऱ्हेचे निघाले, आणि सुरुवातीला मी सगळ्यांना ‘जुनी जाती’ म्हणून मोकळी झाले होते.

ओळखायची खूण एकच: झीज कुठं झालीय ते बघा. जात्याची तळी चपट्या अंगाला झिजते. वरच्या तळीला मधे तोंड असतं, तिथून दाणे वैरायचे, आणि कडेला खुंट्याचं भोक. खालच्या तळीला मधे खुंटी बसायची जागा असते. चुन्याच्या घाणीचं चाक मात्र कडेनं झिजतं, कारण ते गोल चरात उभं फिरायचं, बैल जुंपून. वाडे, देवळं, घाट बांधताना चुना, वाळू त्या चरात मळायचे. चाकाच्या चपट्या अंगावर टाकीच्या, म्हणजे दगड घडवायच्या छिन्नीच्या, खुणा जशाच्या तशा, आणि कड मात्र हात फिरवला तर काचेसारखी गुळगुळीत असेल, तर ते घाणीचं चाक समजा. तेलघाण्याचा दगड उखळासारखा आतून खोल झिजलेला असतो. आणि इंजिनाच्या गिरणीचा दगड जात्यापेक्षा मोठा, सपाट, त्याच्या भोवती लोखंडी कडं आवळलेलं आणि तोंडावर चरी पाडलेल्या.

गिरणीच्या दगडातही फरक आहे. आमच्या आवारात एक जोडी डोंगरातल्या काळ्या दगडाची आहे, घडवलेली. दुसरी ओतीव. ओतीव दगडात करड्या-पांढऱ्या अंगात बारीक काळे खडे दिसतात आणि उन्हात तिरकं धरलं की ते चमकतात. कुरुंदासारखा कडक खडा सिमेंटसारख्या मसाल्यात मिसळून हे दगड साच्यात ओततात. काळा दगड आधीचा आणि ओतीव नंतरचा असा आमच्याकडचा क्रम निघाला, कारण काळ्या जोडीवर जुन्या खाचा अगदी झिजून गेलेल्या होत्या आणि ओतीव जोडीवर आबांच्या हातची शेवटची टाकी अजून दिसते.

टाकी बघायची असेल तर दगड पाण्यानं ओला करा आणि दिवस मावळताना टॉर्च अगदी आडवी धरा. दुपारच्या उन्हात सपाट वाटणारा दगड तेव्हा बोलायला लागतो. मधल्या तोंडापासून कडेकडं निघालेल्या मोठ्या चरी दिसतील आणि दोन चरींच्या मधे टाकीच्या टोकाचे बारीक टिपके. चरी सरळ काठीसारख्या नसतात, तोंडापासून जरा तिरक्या निघतात. वरचा आणि खालचा दगड समोरासमोर आले की या तिरक्या चरी एकमेकींना कात्रीच्या पात्यांसारख्या छेदतात. त्यात दाणा कापला जातो, नुसता चिरडला जात नाही, आणि पीठ कडेकडं ढकललं जातं. तिरकेपणा कुठल्या बाजूला आहे त्यावरून दगड कुठल्या दिशेला फिरायचा ते कळतं. चरी मोजा, त्यांची खोली तोंडाजवळ आणि कडेला वेगवेगळी मोजा. तोंडाजवळ दोन दगडांत फट जास्त असते, दाणा आत यायला हवा म्हणून. कडेला ती कागदाएवढी राहते.

आबा टाकी लावायचे, म्हणजे झिजलेल्या दगडाला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायचे, तेव्हा मी शेजारी बसून असे. दगड उलटा करून पोत्यावर टेकवायचा. सरळ लाकडी पट्टीला ओला गेरू फासायचा आणि ती दगडावर फिरवायची. जिथं जिथं गेरू लागला तिथं उंचवटा, तिथं आधी टाकी. मग ठक-ठक, ठक-ठक, दुपारभर. नवी टाकी लावली की पहिलं दळण माणसाचं नाही घालायचं. आधी भुसा, मग जनावरांचा भरडा, आणि मगच कुणाची तरी ज्वारी. नाहीतर भाकरीत कचकच येते. आबांच्या डाव्या हाताच्या पाठीवर काळे-निळे ठिपके होते, तीळ पेरल्यासारखे. लहानपणी मला ते गोंदण वाटायचं. टाकीच्या पोलादाचे कण उडून कातडीत रुतून बसायचे ते. तुमच्या गावात जुना गिरणीवाला हयात असेल तर त्याचा हात बघा. दगड स्वतः टाकवायचा की बाहेरचा माणूस बोलवायचा, ते त्याला विचारायच्या आधी कळेल.

आणि बाहेरचा माणूस कोण होता हेही लिहा. आमच्या भागात जाती घडवणारे जाते वडार आणि दारोदार फिरून जात्याला टाकी लावणारे टकारी यांच्याशिवाय घरोघरचं दळण अडलं असतं. ‘टाकी लावायची का टाकीऽ’ ही हाळी ऐकलेली माणसं अजून आहेत. गिरणी आली तेव्हा यांच्या पोटावर काय आलं, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. तुम्ही पहिल्या दिवशी विचारा.

पाणचक्की होती का?

ओढ्याकाठी दगडी गिरणी म्हटलं की लोक लगेच सांगतात, पाण्यावर चालायची. आमच्या गावातल्या शाळकरी मुलांनाही तसंच वाटतं. तपासल्याशिवाय लिहू नका. पाणचक्कीला उंचावरून पाणी आणावं लागतं. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलीत तर लक्षात येईल: डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून आणून वरून पाडलंय आणि त्याच्या जोरावर खालचं चाक फिरतं. म्हणजे वरच्या अंगाला बंधारा किंवा पाट, पाणी पडायची जागा, जोत्याखाली चाकाची खोली आणि तिथून पाणी बाहेर जायचा मार्ग, या चार गोष्टींच्या काही तरी खुणा उरायला हव्यात. आमच्या गिरणीखाली खोली नाही, जोतं भरीव आहे. शिवाय आमचा ओढा होळीपर्यंत आटतो. पश्चिमेकडं महाबळेश्वर-पाटणकडं धो धो पडतो तसा पाऊस इकडं नाही.

मग गिरणी ओढ्याला का? इंजिनाला थंड करायला पाणी लागायचं म्हणून. ओढ्यातल्या डुऱ्यातलं, म्हणजे खणलेल्या खड्ड्यातलं, पाणी हौदात, हौदातून इंजिनाला, आणि तापलेलं पाणी नळीनं परत बाहेर. त्या नळीखाली बायका धुणं धुवायच्या, थंडीत तर नंबर लागायचा. ती नळी भिंतीतून जिथून बाहेर यायची ते भोक अजून आहे आणि त्याखालचा दगड धुण्यानं झिजलेला आहे. इंजिनाच्या गिरणीचा हा पुरावा मला दारावरच्या अक्षरांपेक्षा मोलाचा वाटतो.

दारावरचा शके

चौकटीच्या वरच्या दगडावर कोरलेलं असेल तर चुना खरवडू नका. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, ठसा उठतो. आमच्याकडं उठला तो असा: ‘शके 18’, मग एक आकडा पूर्ण झडलेला, मग ‘2’, आणि पुढं ‘विक्रमनाम संवत्सरे’. घरात सगळे सांगायचे गिरणी अडतीस सालची.

शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. पाडव्याच्या आधीचे जानेवारी ते मार्च असतील तर 79. पण आकडाच झडलेला असेल तर? तिथं संवत्सराचं नाव कामी येतं. साठ संवत्सरांचं चक्र असतं, म्हणजे एक नाव साठ वर्षांनी परत येतं. विक्रम संवत्सर शके 1862 ला येतं आणि त्याआधी 1802 ला. दोन्हींच्या शेवटी 2. शके 1802 म्हणजे 1880, तेव्हा खेड्यात तेलावरचं इंजिन असणं शक्यच नव्हतं. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं नीट चाललेलं इंजिन 1897 चं. म्हणजे 1862, इसवी सन 1940. जुनं पंचांग किंवा गावातले भटजी हे पाच मिनिटांत सांगतात. घरच्यांचं अडतीस आणि दगडावरचं चाळीस, हा दोन वर्षांचा फरक मी वहीत तसाच लिहून ठेवला. दोघांपैकी एक खोटं ठरवायची घाई केली नाही, हे बरं झालं.

भिंतीतल्या भेगाही सांगतात. आमच्या पूर्वेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग आहे. भिंत चुन्यात बांधलेली, भेग सिमेंटनं भरलेली. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला, तेव्हाची ती भेग. पलीकडचा ओटा पूर्ण सिमेंटचा आहे, तो त्यानंतरचा, हे त्यावरूनच ठरलं.

इंजिन आणि पट्टा

इंजिन बहुतेक ठिकाणी भंगारात गेलेलं असतं. आमचंही गेलं. पण त्याचा दगडी चौथरा राहतो आणि त्यातले बोल्ट. बोल्टांमधली अंतरं मोजा. पितळी पाटी कुणी काढून ठेवली आहे का ते घरोघर विचारा. आमची देवघरातल्या फळीवर, आबांच्या चष्म्याच्या डबीत निघाली. लिंबू आणि राखेनं हळू पुसायची, पॉलिश कागद लावायचा नाही.

पाटीवरचं नाव काळ सांगतं. आमची कूपरची. सातारारोडचा कूपरचा कारखाना आमच्यापासून बैलगाडीच्या वाटेवर. धनजीशा कूपर यांनी तो काढला. 1937 साली तेच काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसं म्हणत. नांगरांबरोबर 1930 च्या दशकात तिथं इंजिनं व्हायला लागली. पुढं कारखाना वालचंद समूहाकडं गेला. पाटीवर किर्लोस्कर ऑइल इंजिन असेल तर ते 1946 नंतरचं, कारण ती कंपनी पुण्यात तेव्हा निघाली. किर्लोस्करवाडी 1910 ची असली तरी तिथलं नाव नांगर, चरक आणि पंपांसाठी. विलायती लिस्टर किंवा रस्टन असेल तर एजंटाची वेगळी छोटी पाटी असते, तीही शोधा.

पुली उरली असेल तर दगडाचा वेग काढता येतो. इंजिनाच्या पुलीचा व्यास गुणिले इंजिनाचे मिनिटाचे फेरे, भागिले गिरणीच्या पुलीचा व्यास. समजा इंजिनाची पुली 16 इंची आणि फेरे 650, गिरणीची पुली 20 इंची: 10400 भागिले 20, म्हणजे 520 फेरे. पट्टा घसरतो म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. वेग जास्त असला की पीठ गरम येतं आणि ज्वारीच्या भाकरीला चिरा पडतात. ‘तुमच्या गिरणीचं पीठ गार’ अशी गावात ख्याती होती, तिच्यामागं हे गणित.

धुराड्याच्या नळीवर आबा एक छोटं मडकं पालथं टांगायचे. त्यानं पुक-पुक-पुक आवाज रानात लांबवर जायचा आणि बायका डोक्यावर पाट्या घेऊन निघायच्या. हे कुठल्या कागदात नसतं.

माणसांना विचारताना

‘गिरणी कधी सुरू झाली?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘लई जुनी हाय.’ साल कुणालाच आठवत नाही, आणि आठवायला लावलं तर माणूस आपल्याला खूश करायला काही तरी सांगतो. खुंट्या ठोका आणि त्यांच्या आधी की नंतर ते विचारा. आमच्या भागातल्या खुंट्या पक्क्या आहेत: पत्रीसरकारची धामधूम, गांधीहत्येनंतरची अठ्ठेचाळीसची जाळपोळ, नवे पैसे, भूकंप, बहात्तरचा दुष्काळ. दळणाचा दर कुणी आणे-पायलीत सांगितला तर गोष्ट बहुधा 1957 च्या आधीची किंवा लगतची, कारण त्या वर्षी एप्रिलपासून नवे पैसे आले आणि त्यानंतर हळूहळू किलोची मापं. पायली, अधोली, चिपटं हे शब्द ज्यांच्या तोंडात सहज येतात त्यांच्याकडं जास्त वेळ बसा. ‘मिलो दळायला आणायचो’ म्हटलं की रेशनच्या लाल ज्वारीचे, दुष्काळाच्या आसपासचे दिवस.

बायकांना आधी विचारा. इंजिन, पट्टा, भागीदारी हे पुरुष सांगतात. दळणाचं खरं बायकांना ठाऊक. गिरणी यायच्या आधी पहाटे किती वाजता उठायचं, जात्यावर जोडीला कोण बसायचं, गिरणीचं पीठ घरात आणायला पहिल्यांदा कोण तयार नव्हतं. एका घरात सासूनं गिरणीच्या पिठाला वर्षभर हात लावला नव्हता, असं मला तिच्या सुनेनं सांगितलं. सून आता नव्वदीला आलीय. उपवासाची वरई, राजगिरा दळायचा असेल तर दगड आधी झाडून, सकाळी पहिल्यांदा. मिरची तर त्या दगडावर कधीच नाही. तुमची गव्हाची पाटी ज्वारीच्या मागोमाग लागली तर पहिलं मूठभर पीठ कुणाचं, यावरून भांडणं. अशा बारीक गोष्टी विचारल्या की माणूस साल आठवण्याच्या ताणातून सुटतो आणि मग सालाची गोष्ट आपसूक निघते. ओव्या कुणी म्हटल्या तर ऐका, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि म्हणणारीचं नाव तिला हवं तसंच लिहा.

आणि रांगेत कोण कुठं उभं राहायचं ते विचारा. हे विचारायला मला वर्ष लागलं, कारण गिरणी आमची होती. बौद्धवस्तीतल्या एका आजींकडं मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बाई, आमचं दळाण समद्यात शेवटी. पाटी उंबऱ्याभायेर ठिवायची. तुमचं आजं वरनं पीठ वतायचं.’ मी वही खाली ठेवली. काय बोलावं सुचेना. त्यांनीच चहा टाकला. मग मी विचारलं, आत कधी आलात? ‘धाकला पोटात व्हता तवा. तुमच्या वडलांनी हाळी दिली, आत या म्हनून.’ धाकटा दुष्काळाच्या आदल्या वर्षी झाला. म्हणजे 1971. आबांच्या हातात कारभार आल्यावर लगेच.

घरात वाचून दाखवलं तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, हे कशाला घालतेस, तात्यांचं नाव खराब होतं. मी ते ठेवलं, आजींच्याच शब्दांत, त्यांना दोनदा वाचून दाखवून. ज्यांच्या दळणावर गिरणी चालली त्यांच्याबद्दल गिरणीनं केलेलं वागणं गाळून मला तिच्या चरींची मापं लिहिता आली नसती.

कागद

आता कागदांकडं जा, कारण आता तुम्हाला काय शोधायचं ते माहीत आहे. तलाठ्याकडं सातबारा आणि त्यावर गोलात लिहिलेले फेरफार नंबर. एकेक फेरफार मागं मागं काढत जायचा. आजचा गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर वेगळे असतात, एकत्रीकरणाच्या वेळी बदलले. दोन्हींची जुळणी भूमी अभिलेख कचेरीत मिळते. गिरणी गावठाणात असेल तर सातबारा नसेलच, ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहा. त्यात घरपट्टीसाठी इमारतीचं वर्णन असतं. वीज आल्यानंतरचा काळ मीटरच्या जुन्या बिलांवरून बांधता येतो. महाराष्ट्राचं वीज मंडळ 1960 साली झालं, त्याआधीचं बिल निघालं तर त्यावरचं नाव नीट टिपा.

जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. फोटो सरळ वरून घ्या, पानाची कड दिसू द्या आणि मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. अंदाजानं वाचू नका.

सांगलीकरांसाठी एक महत्त्वाचं. सांगली जिल्हा 1949 साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली नाव मिळालं. त्याआधीचे कागद सातारा जिल्ह्याच्या नावावर शोधा. आणि तुमचं गाव 1948 पर्यंत औंध, सांगली, मिरज, जत अशा एखाद्या संस्थानात असेल तर परवाना, जागेची मंजुरी असल्या गोष्टी संस्थानाच्या दप्तरात असतील, इंग्रजी मुलखातल्या नव्हेत. शेजारची दोन गावं, मधे एक ओढा, आणि कागद दोन राज्यांत, असंही आहे.

एका कचेरीत मला चार वेळा हेलपाटे घातल्यावर ‘ते रजिस्टर वाळवीनं खाल्लं’ असं सांगितलं. लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली, तेव्हा पाचव्या खेपेला रजिस्टर निघालं. त्यात 1938 साली तीन गुंठे जागा तात्यांच्या नावावर चढल्याचा फेरफार आहे. म्हणजे घरच्यांचं अडतीस जागेचं होतं आणि दगडावरचं चाळीस इमारतीचं. मधली दोन वर्षं गिरणी नव्हती का? होती. धुण्याच्या नळीबद्दल बोलताना एका काकींनी सहज सांगितलं होतं की आधी नुसतं छप्पर होतं आणि पाऊस आला की दळण बंद. ते वाक्य माझ्या वहीत आठ महिने पडून होतं.

लिहून काढताना

प्रत्येक वाक्याला मनात विचारा: हे दगडानं सांगितलं, माणसानं की कागदानं? तसं लिहून टाका. ‘चौकटीवर असं कोरलंय’, ‘काकी सांगतात’, ‘फेरफारात आहे’. दोन सांगणी जुळत नसतील तर दोन्ही ठेवा. मापं कोष्टकात, माणसांचं बोलणं त्यांच्या बोलीत. जे हयात आहेत त्यांना त्यांचा भाग वाचून दाखवल्याशिवाय छापू नका. चार प्रती काढा: शाळेत, ग्रामपंचायतीत, तालुक्याच्या वाचनालयात आणि एक घरी. घरच्या प्रतीत मागं कोरी पानं शिवून घ्या.

मी आमचा मजकूर चैत्रात देवळाच्या सभामंडपात वाचला. पन्नासेक माणसं होती, आजीही आल्या होत्या, पुढं बसल्या होत्या. छपराच्या गिरणीचा परिच्छेद वाचला तसा मागून आवाज आला, ‘बाई, त्याला पत्रा नव्हता. उसाचं पाचट व्हतं. म्या शाकारलंय.’ मी तिथंच पेन्सिलीनं पत्रा खोडला आणि पाचट लिहिलं.